डोंगराला लागलेली आग नेहमी वाईटच असते का? वणवा, नियोजित जाळ आणि चराईचं गणित समजून घ्या

थंडी सुरू झाली आणि डोंगरावरचं गवत वाळलं की अंधेरी, गोरेगाव, मालाड पूर्वेच्या उंच इमारतींमधून एक दृश्य दरवर्षी दिसतं. संध्याकाळी आरे किंवा दिंडोशीच्या बाजूला डोंगरावर एक लाल रेघ पेटते आणि हळूहळू वर चढत जाते. थोड्याच वेळात तिचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर येऊन पडतो. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेच्या डोंगरावर लागलेली आग अनेकांना आठवत असेल. तेव्हा रात्री उशिरापर्यंत अग्निशमन दल, वन विभाग आणि स्थानिक लोक धडपडत होते.

अशा व्हिडिओखाली कमेंटमध्ये हमखास दोन तट पडतात. एक जण लिहितो, "जंगल जळतंय, गुरं आणि माणसं आत सोडली की हेच होणार, सगळं बंद करा." दुसरा उत्तर देतो, "आमच्या गावाला डोंगर दरवर्षी जाळतात, त्याने गवत चांगलं येतं."

यात बरोबर कोण? खरं सांगायचं तर दोघांचंही अर्ध बरोबर आहे. जगात अशी अनेक गवताळ रानं आहेत जिथे वन अधिकारी स्वतः आग लावतात आणि गुरांना मुद्दाम चरू देतात. पण हेच आरेच्या डोंगरावर केलं तर नुकसान होईल. असं का, ते सोप्या भाषेत पाहूया.

थोडक्यात काय?

- आग आणि चराई ही दोन हत्यारं आहेत. कोणतं रान, कोणता महिना आणि किती प्रमाण, यावर त्यांचा फायदा किंवा तोटा ठरतो.
- आपोआप पसरलेला वणवा आणि ठरवून, आखून लावलेला जाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- महाराष्ट्रातली माळरानं म्हणजे 'तोडलेलं जंगल' नव्हे. ती स्वतंत्र परिसंस्था आहे.
- मुंबईच्या डोंगरांवर दरवर्षी लागणारी आग 'नियोजित जाळ' नाही. ती दिसली तर कळवायचीच.

वणवा आणि नियोजित जाळ यात फरक काय?

वणवा म्हणजे ताबा सुटलेली आग. विझली नाही अशी विडी-सिगारेट, डोंगरावरच्या पार्टीतली शेकोटी, कचऱ्याला लावलेली काडी, किंवा कुणीतरी मुद्दाम पेटवलेलं गवत, यातून तो सुरू होतो. आपल्याकडे डिसेंबर ते मे या काळात विजेमुळे वणवा लागल्याचं क्वचितच घडतं. त्यामुळे या दिवसांतले बहुतेक सगळे वणवे माणसानेच लावलेले असतात, चुकून किंवा जाणूनबुजून.

नियोजित जाळ, म्हणजे इंग्रजीतला 'प्रिस्क्राइब्ड फायर', याची सुरुवात कागदावर होते. कोणता तुकडा जाळायचा, का जाळायचा, वारा कुठल्या दिशेचा आणि किती वेगाचा हवा, हवेत ओलावा किती हवा, हे आधी लिहिलेलं असतं. तुकड्याच्या चारही बाजूंनी गवत कापून मोकळा पट्टा तयार करतात, म्हणजे आग बाहेर जात नाही. बरेचदा आग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला लावतात. ती सावकाश सरकते आणि आवाक्यात राहते. माणसं आणि पाणी जागेवर तयार असतात. हवामान ठरलेल्या मर्यादेत नसेल तर त्या दिवशी काडी ओढायचीच नाही, हा पहिला नियम.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे, नियोजित जाळात संपूर्ण रान कधीच एकाच वर्षी जाळत नाहीत. प्राण्यांना पळून जायला, कीटकांना आणि बियांना टिकायला न जळालेले तुकडे मागे ठेवतात. वणवा असं काही मागे ठेवत नाही.

पण गवताला आग किंवा गुरं लागतातच कशाला?

याचं उत्तर गवताच्या रचनेत आहे. झाडाची वाढ फांदीच्या टोकाला होते. गवताचा वाढीचा कोंब मात्र जमिनीलगत किंवा जमिनीच्या जरासा खाली असतो. म्हणून वरची पाती गाईने खाल्ली, विळ्याने कापली किंवा जळाली, तरी गवत पुन्हा फुटतं. गवतावरून झपाट्याने जाणारी आग जमिनीच्या वर खूप तापते, पण दोन-तीन सेंटिमीटर खाली त्या उष्णतेचा परिणाम बराच कमी होतो.

आता उलट विचार करा. एखाद्या कुरणातलं गवत कुणी खाल्लं नाही, कापलं नाही, जाळलंही नाही, तर काय होईल? वाळलेली पाती उभीच राहतात. पुढच्या पावसात त्यांच्यावर नवा थर येतो. काही वर्षांत खाली इतका पेंढा साचतो की ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही आणि नव्या कोंबांची, छोट्या फुलझाडांची वाढ खुंटते. जिथे पाऊस भरपूर आहे तिथे मग झुडपं आणि झाडं शिरकाव करतात आणि गवताचं रान हळूहळू नाहीसं होतं. शिवाय तो साचलेला पेंढा म्हणजे पुढच्या मोठ्या वणव्याचं इंधनच.

म्हणजे गवताळ रानाला गवत काढणारं कुणीतरी लागतं. ते काम हरणं, गुरं-मेंढ्या, विळा किंवा आग यांपैकी कुणीही करू शकतं. भांडण आहे ते यातलं कोण, कधी आणि किती, याबद्दल.

आग लागल्यावर फुलणारं तळेगावचं झुडूप

मुंबई-पुणे रस्त्यावरच्या तळेगाव दाभाडेजवळच्या गवताळ टेकड्या अनेकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिल्या असतील. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे डॉ. मंदार दातार आणि त्यांचे सहकारी आदित्य धारप व भूषण शिगवण यांना याच भागात एक नवी वनस्पती सापडली. 'डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा' असं तिचं नाव. डिसेंबर २०२४ मध्ये या शोधाची घोषणा झाली.

या वनस्पतीचं वैशिष्ट्य म्हणजे ती वर्षातून दोनदा फुलते. एकदा पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरपासून पुढे. दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, आणि तेही गवताला आग लागून गेल्यावर. वरचा भाग जळतो, पण जमिनीत लाकडासारखं कठीण मूळ शिल्लक असतं. त्यातून बुटके कोंब फुटतात आणि त्यांना फुलं येतात.

असं कौशल्य एखाद्या वनस्पतीत दहा-वीस वर्षांत तयार होत नाही. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवर आग ही फार जुनी गोष्ट असावी, असं यातून दिसतं. पण म्हणून 'जाळा बिनधास्त' असा अर्थ काढायचा नाही. माणसांनी लावलेल्या आगी आणि गवताळ जमिनींचा अतिवापर यांचा या वनस्पतीला धोका आहे, हेही तिच्या शोधासोबतच सांगितलं गेलं होतं. आगीत टिकणारी वनस्पती कितीही आगी सोसते असं नाही.

माळरान म्हणजे उजाड झालेलं जंगल?

शाळेपासून आपल्या डोक्यात एक चित्र बसलेलं असतं. पूर्वी सगळीकडे घनदाट जंगल होतं, माणसाने ते तोडलं, आणि उरलं ते माळरान. म्हणून माळ दिसला की झाड लावायचं.

पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात हे चित्र चुकीचं ठरतं. अभ्यासक आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात यासाठी वेगळा पुरावा वापरला, तो म्हणजे जुनं मराठी साहित्य. तेराव्या शतकापासूनच्या कथा, अभंग, ओव्या यांत कोणत्या रानवनस्पतींचा उल्लेख येतो, हे त्यांनी तपासलं. एकूण ४४ रानवनस्पती सापडल्या आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश वनस्पती मोकळ्या, उन्हाच्या, गवताळ रानात वाढणाऱ्या निघाल्या. म्हणजे सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वीचे मराठी लोकही माळरानच पाहत होते.

नेर्लेकर आणि सहकाऱ्यांच्याच आणखी एका अभ्यासात, द्वीपकल्पीय भारताच्या गवताळ सव्हाना प्रदेशात २०६ अशा वनस्पतींची नोंद झाली ज्या जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत. पण सरकारी नोंदींमध्ये अशा जमिनींचा मोठा हिस्सा आजही 'पडीक' या रकान्यात जातो. पडीक म्हटलं की तिथे कारखाना, सौरऊर्जा प्रकल्प किंवा वृक्षारोपण करायला कुणाची हरकत उरत नाही.

याची किंमत कुणी मोजली? सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण घ्या. १९७२ मध्ये सोलापूरचे शिक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी तिथल्या माळढोक पक्ष्याकडे लक्ष वेधलं. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. माळढोक उघड्या माळावर राहतो, जमिनीवरच अंडं घालतो आणि लांबून येणारा धोका दिसावा म्हणून त्याला मोकळी नजर लागते. अशा माळावर ओळीने गिरीपुष्पासारखी झाडं लावली, तर आपल्या दृष्टीने ते 'हिरवं' झालं, पण माळढोकाच्या दृष्टीने त्याचं घर गेलं. शेती, रस्ते, वीजतारा यांचीही त्यात भर पडली. आज नान्नजला माळढोक दिसला की त्याची बातमी होते.

चराई बंद केली की सगळं ठीक होतं?

या प्रश्नाला दोन गावांची दोन वेगळी उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं. नव्वदच्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली. डोंगर इतका खरवडला गेला होता की पाणी थांबतच नव्हतं. मोकाट चराई थांबली, पाणलोटाची कामं झाली, आणि डोंगरावर गवत परतलं. पण एक बारकावा लक्षात घ्या. गावाने गवताला हात लावू नका असं सांगितलं नाही. विळ्याने कापून घरी न्यायची मुभा ठेवली. गुरांना चारा मिळत राहिला आणि डोंगरावर पेंढाही साचला नाही.

दुसरं उत्तर राजस्थानातल्या भरतपूरचं, आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे. भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे गुरं-म्हशी चारायला बंदी घातली गेली. म्हशींमुळे पक्ष्यांचं नुकसान होतं असं तेव्हा मानलं जात होतं. डॉ. सलीम अली यांच्यासारख्या मोठ्या पक्षीतज्ज्ञांचंही मत बंदीच्या बाजूने होतं. बंदीवरून गावकरी आणि पोलिसांत संघर्ष झाला, गोळीबारात माणसं गेली. नंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे सलीम अलींच्याच संस्थेने, तिथे अनेक वर्षं अभ्यास केला. डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासातून उलटंच चित्र समोर आलं. म्हशी गेल्यावर पाण्यात पास्पालम नावाचं गवत बेसुमार वाढलं, उथळ पाणी गवताने भरून गेलं आणि अनेक पाणपक्ष्यांना मोकळं पाणी मिळेना. ज्या म्हशी शत्रू वाटत होत्या, त्या फुकटात गवत काढत होत्या. पुढे गावकऱ्यांना आत जाऊन गवत कापायची परवानगी द्यावी लागली.

स्वतःच्या गृहीतकाविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्याच संस्थेने मांडला, ही या गोष्टीतली सगळ्यात शिकण्यासारखी बाब.

साताऱ्याच्या कास पठारावरही हाच वाद झाला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कासचा समावेश झाला, पर्यटकांची झुंबड उडाली, फुलं वाचवायला कुंपण आलं आणि चराई थांबली. मग स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनी प्रश्न विचारला की, गुरं शतकानुशतकं इथे चरत होती आणि फुलंही येत होती, तर गुरं नसताना उंच गवत वाढून छोटी फुलझाडं झाकोळणार नाहीत का?

हिवरे बाजार आणि भरतपूर, दोन्हीकडे चराईबंदीच होती. एकीकडे रान आधीच ओरबाडलेलं होतं, म्हणून विश्रांती कामी आली. दुसरीकडे चराई ही रानाच्या चक्राचाच भाग झाली होती, म्हणून ती काढल्यावर चक्र अडखळलं.

आणि आग पूर्ण बंद केली तर?

कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांमध्ये सोलिगा आदिवासी राहतात. पूर्वी ते हंगामाच्या सुरुवातीला, पालापाचोळा थोडा असताना, छोटी आणि हलकी आग लावत. तिथे अभयारण्य झाल्यावर ही पद्धत बंद झाली. त्यानंतरच्या दशकांत जंगलात घाणेरी, म्हणजे टणटणी, प्रचंड वाढली. छोट्या आगी बंद झाल्यामुळे घाणेरीला मोकळं रान मिळालं, असं सोलिगांचं म्हणणं आहे आणि संशोधकांनीही त्यावर लिहिलं आहे. घाणेरी वाळली की ती जोरात पेटते. म्हणजे छोटी आग टाळताना मोठ्या आगीची तयारी झाली.

केरळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात निलगिरी ताहरसाठी गवताचे तुकडे आळीपाळीने जाळतात, म्हणजे त्यांना कोवळा चारा मिळतो. या कामात मुथुवन आदिवासींचं ज्ञान वापरलं जातं. आसामच्या काझीरंगातही गेंड्यांसाठी आणि हरणांसाठी उंच गवत हिवाळ्यात ठरवून जाळतात. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानात तर १९५४ पासून वेगवेगळ्या तुकड्यांवर वेगवेगळ्या वेळी आग लावून काय फरक पडतो, याचा प्रयोग सुरू आहे.

आग आणि गुरं एकत्र आली की काय होतं?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचे संशोधक सॅम्युअल फ्युलेंडॉर्फ आणि डेव्हिड एंगल यांनी २००१ मध्ये एक साधी कल्पना मांडली. समजा तुमच्याकडे तीन तुकड्यांचं एक मोठं कुरण आहे. मध्ये कुंपण नाही.

पहिल्या वर्षी पहिला तुकडा जाळायचा. तिथे कोवळं गवत येतं आणि गुरं आपोआप तिकडे जमतात. उरलेल्या दोन तुकड्यांना विश्रांती मिळते, गवत वाढतं. दुसऱ्या वर्षी दुसरा तुकडा जाळायचा. गुरं तिकडे सरकतात आणि पहिल्या तुकड्यात गवत सावरतं. तिसऱ्या वर्षी तिसरा.

काही वर्षांत एकाच कुरणात आखूड, मध्यम आणि उंच अशा तिन्ही प्रकारचं गवत दिसू लागतं. कुठल्या पक्ष्याला आखूड गवत हवं असतं, कुठल्याला लपायला उंच. सगळ्यांची सोय होते. गुराख्याला काठी घेऊन धावावं लागत नाही, आग हेच गुरांना हाकण्याचं काम करते.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. धनगर मेंढपाळ दिवाळीच्या सुमारास देशावरून कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याआधी परततात. वाटेत शेतकरी खतासाठी आपल्या शेतात मेंढ्या बसवतात. कळप एका जागी थांबत नसल्याने कुरणाला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या माळरानांवरचा लांडगाही याच कळपांच्या मागे-पुढे जगत आला आहे. मेंढी गेली की धनगराचं नुकसान होतंच, तरीही माणूस, मेंढी आणि लांडगा एकाच माळावर टिकून आहेत. माळाला कुंपण पडलं, प्लॉटिंग झालं की तिघांचीही वाट बंद होते.

महाराष्ट्रात आग कोण आणि कशासाठी लावतं?

वन विभाग स्वतः जाळ वापरतो, पण मुख्यतः संरक्षणासाठी. उन्हाळ्याआधी रस्त्यांच्या आणि हद्दीच्या कडेने गवत कापून, ते देखरेखीखाली जाळून मोकळा पट्टा करतात. याला 'जाळरेषा' म्हणतात. वणवा आला तर त्याला पुढे जायला इंधन मिळू नये, हा हेतू. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो.

लोकांची कारणं वेगळी असतात. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात आणि तिथली ठिणगी कधी डोंगरावर जाते. मग शेजारच्या आंबा-काजूच्या बागा जळून वर्षांची मेहनत जाते. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणूनही जाळतात. यामागे पोटाचा प्रश्न आहे, म्हणून केवळ दंडाची भीती घालून तो सुटत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने यावर स्वतःचा मार्ग काढला. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर गावाने तेंदूपानं तोडणं बंद करायचं ठरवलं. त्यासाठी झाडं छाटावी लागतात आणि आग लावावी लागते, हे त्यांचं कारण. त्याऐवजी गावाने बांबूवर भर दिला. रानावर हक्क असला की ते राखायचं कारणही मिळतं, हे यातून दिसतं.

मग आरे-बोरिवलीत नियोजित जाळ करायचा का?

नाही. त्याची कारणं अशी.

पहिलं, इथलं रान वेगळं आहे. मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेला आरेचा भाग हे मुख्यतः पानगळीचं जंगल आहे. उघड्या उतारांवर गवत दिसतं, पण बऱ्याच ठिकाणी तिथे झाडं परत येऊ पाहत असतात. दरवर्षीची आग नेमकी दोन-तीन वर्षांची रोपं मारते. म्हणून तो डोंगर वर्षानुवर्षं गवत आणि घाणेरीच्या पुढे जात नाही.

दुसरं, वेळ चुकीची असते. मार्च ते मे हा टिटवी, रातवा, चंडोल अशा जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीचा काळ. सरडे, साप, कासवं आगीपुढे पळू शकत नाहीत.

तिसरं, इथे माणसं राहतात. आरेच्या पाड्यांमध्ये आदिवासी कुटुंबांची घरं आणि वाड्या डोंगराला टेकलेल्या आहेत. आगीची पहिली झळ त्यांना बसते आणि ती विझवायला झाडपाल्याच्या फांद्या घेऊन तेच आधी धावतात. धूर मात्र खाली अंधेरी-गोरेगावच्या आधीच खराब हवेत मिसळतो.

गवत कमी करायचंच असेल तर इथे विळा जास्त शहाणा. आरेची वसाहतच १९४९ मध्ये शहरातले तबेले हलवण्यासाठी उभी राहिली. कापलेल्या गवताची किंमत या भागाला नवी नाही.

कायदा काय सांगतो?

- वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. राष्ट्रीय उद्यानालाही हे लागू होतं.
- भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावण्यास मनाई आहे.
- राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत. अभयारण्यात मात्र चराईचं नियमन करायचं की ती बंद करायची, हे ठरवण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे.

थोडक्यात, नियोजित जाळ हा वन विभागाच्या निर्णयाने आणि देखरेखीखालीच होऊ शकतो. ट्रेकिंग ग्रुपने किंवा सोसायटीने 'गवत साफ करायला' काडी लावणं हा गुन्हा ठरू शकतो.

तुम्ही काय करू शकता?

- डोंगरावर आग दिसली तर आधी फोन, मग व्हिडिओ. अग्निशमन दल १०१, वन विभागाची 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन १९२६.
- व्हिडिओ टाकताना जागा आणि वेळ लिहा. मागच्या वर्षीचा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून फिरला तर यंत्रणा चुकीच्या दिशेला धावते.
- डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीच्या जागा ओळखून सूचना पाठवते. सामान्य नागरिकही त्यासाठी नोंदणी करू शकतात.
- ऑफिसच्या वृक्षारोपणाला जाणार असाल तर एक प्रश्न विचारा: ही जागा आधी जंगल होती की माळरान? पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळावर खड्डे खणले जात असतील, तर तिथे झाड न लावणं हेच संवर्धन असू शकतं.
- माळावर दिसलेल्या गुराख्याला किंवा धनगराला थेट दोषी धरू नका. तिथे कधीपासून आणि किती गुरं चरतात, हे आधी विचारा.

पुढच्या वेळी ग्रुपवर जळणाऱ्या डोंगराचा व्हिडिओ आला आणि कुणी "जाळलं की गवत चांगलं येतं" असं लिहिलं, तर त्याला एवढंच विचारा: कुठलं रान, कुठला महिना आणि ती आग विझवायची जबाबदारी कुणाची? या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी तयार असतील तर तो नियोजित जाळ. नसतील तर तो वणवा आहे, १९२६ ला फोन करा.